चुणी

आमच्या घरात काही कमी पडलं,
डब्यात एक लाडू, हिशेबात पाच रुपये,
पंगतीत एक पान,
की कुणीतरी म्हणतंच, "चुणी चुकली."
सासरी मी असं म्हणाले
तर सगळे माझ्या ओढणीकडे बघायला लागले.
तेव्हा कळलं, ही म्हण फक्त आमची आहे,
देवळाली कॅम्पातल्या एका परटाच्या घरची.

पणजोबा सखाहरी. दारणेवर त्यांचा दगड होता.
गोऱ्यांच्या एका पलटणीतले शिपाई
गुडघ्यापर्यंतचे लोकरीचे घागरे नेसायचे,
हिरव्यावर निळ्या चौकटी, मागं चुण्याच चुण्या.
त्याला किल्ट म्हणतात हे मला फार उशिरा कळलं.
पहिलं गाठोडं सोडलं तेव्हा पणजीला वाटलं,
साहेबांच्या बायका आल्या वाटतं.
मग कमरेचा घेर बघून ती गप्प झाली.

ओली लोकर मेलेल्या मेंढीइतकी जड.
कोळशाची इस्त्री, एकेक चुणी बोटानं दाबून,
सत्तावीस.
एकात सव्वीसच भरल्या.
सारजंटानं मोजल्या आणि दोन आणे कापले.
सखाहरी म्हणाले, कापडात होत्याच सव्वीस.
मरेपर्यंत म्हणत राहिले.

मी डंडीला गेले, म्हाताऱ्यांच्या घरात नोकरीला.
आत्या फोनवर म्हणायची, "दांडीला गेलीस की दांडी मारलीस?"
तिथं जूनमध्ये रात्री साडेदहाला उजेड
आणि डिसेंबरात साडेतीनला दिवेलागण.
इशबेल नावाची बाई होती, नव्वदीची,
चौदाव्या वर्षापासून तागाच्या गिरणीत,
मागांच्या खडखडाटात कान गेलेले.
ओठ वाचायची. माझे मराठी ओठसुद्धा.
मी फोनवर आईशी भांडले
की बिस्किटाचा डबा पुढं सरकवायची.
आमच्याकडे कांदा गोणीत भरतात असं सांगितलं
तर तिनं दोन्ही तळवे नाकाशी नेले,
वास अजून आहे का बघायला.

एकदा नर्स सहज म्हणाली, इशबेल आज जरा डूलॅली आहे.
डूलॅली म्हणजे भ्रमिष्ट.
आपल्या छावणीत बोटीची वाट बघत
डोकं फिरलेल्या शिपायांनी तो शब्द घरी नेला, म्हणतात.
मी चादरीचा कोपरा खोचत होते.
म्हणाले, अगं, ते माझं गाव आहे.
तिथं शाळा आहे, गिरणी आहे, पोस्टात रांग असते,
वेड कुणालाच लागलेलं नाही,
एक गोदूमावशी सोडली तर, आणि तिलाही ते दिरांनी लावलं.
हे सगळं मराठीत.
नर्सला काही कळलं नाही. इशबेल हसली.

मार्चमध्ये ती गेली. बोचरा वारा, भुरभुर,
तिचा नातू किल्ट नेसून शवपेटीमागं उभा,
मी बरोबर त्याच्या मागच्या रांगेत.
पाद्री बोलत होता, सगळ्यांच्या माना खाली,
माझीही,
आणि डोळ्यांसमोर नेमकं तेच.
डावीकडून सुरुवात केली.

आता सुट्टीवर आलेय. बाबांना घेऊन दारणेवर.
दगड कुठला ते त्यांनाही नक्की माहीत नाही,
तरी एकावर बसले.
लांब तोफखान्याचा सराव चाललेला,
दर बाराला पाण्यावर एक शहारा.
फोनवर मी अर्धंच सांगितलं होतं.
शेवटी विचारलंच त्यांनी, "मग? किती?"
"सव्वीस," मी म्हणाले.

बाबा काही बोलले नाहीत.
चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या,
पाण्यात पाय सोडले.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"दोन आणे म्हणजे तेव्हा घरभराचं पीठ."

खरं तर एकोणिसाव्या चुणीला तो पोरगा हलला.
बहुतेक रडत होता.
पुन्हा पहिल्यापासून मोजायला
मला धजवलं नाही.