हवेचं वजन

सिगसिगच्या चौकात, औषधाच्या दुकानाला लागून
माझं कुरियरचं काउंटर.
एक काटा, एक टेप, चिकटपट्टीची रिळं
आणि भिंतीवर जगाचा नकाशा, ज्यात आमचं गाव नाही.

सोइलाबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा
झोपलेलं मूल आणावं तसा
खोका पोटाशी धरून आल्या.
बारा टोप्या, तोकिया गवताच्या, पाच महिन्यांचं विणकाम,
त्रिएस्तेच्या एका दुकानदारासाठी.
काट्यावर ठेवला : दीड किलो.
बाईंनी सुस्कारा सोडला, बटव्याची गाठ सैल केली.

थांबा, म्हणालो मी, आणि टेप काढली.

लांबी चाळीस, रुंदी छत्तीस, उंची तीस.
गुणाकार. भागिले पाच हजार.
आठ पूर्णांक चौसष्ट. आमच्याकडे अपूर्णांक वरच चढतो,
उतरलेला मी कधी पाहिला नाही.
नऊ किलो.

"वरचे साडेसात कशाचे?"
"हवेचे."
त्यांनी खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"मग तिकडं हवा नाही का, बाळा?
इथून न्यावी लागते?"

पैसे भरले त्यांनी. मसाला कोंबडीला भारी पडला.
पावतीची घडी घालताना
बोटं गवत दुमडावं तशी चालली,
एकदा, पुन्हा एकदा, नखाएवढी होईपर्यंत.

पुढच्या वेळी ब्रेड कापायची सुरी घेऊन आल्या.
माझ्याच फरशीवर फतकल मारून बसल्या.
टोपीत टोपी, तिच्यात टोपी,
मध्ये फक्त पातळ कागद.
खोक्याचे कान कापले, खांदे कापले.
मी वरून सांगत होतो :
पोट फुगू देऊ नका,
टेप कोपऱ्यावरून जात नाही, फुगवट्यावरून जाते.
चाळीस, छत्तीस, चौदा.
चार पूर्णांक तीन शतांश, म्हणजे पाच.
"तीन शतांशासाठी अख्खा किलो?"
"बोटभर कापा."
बोटभर कापलं. चार.
हसल्या त्या. समोरचे दोन दात नाहीत,
हे मला त्या दिवशी कळलं.

नंतर तालुक्यातल्या विणणाऱ्या बायका
घरूनच टेप लावून येऊ लागल्या.
माझ्याकडं वाद घालायला काही उरलं नाही.

पण लिझांद्रोची टोपी चुकली.
धाकटा मुलगा, मुर्सियात लिंबांच्या गोदामात असतो.
एकच टोपी, सगळ्यांत बारीक विणीची,
ऐन चंद्रप्रकाशात विणलेली, म्हणजे काडी मऊ राहते.
खोका नेमका, फुगवटा नाही, वजन नाही.
फॉर्मवर रकाना : किंमत.
काही लोक कमी लिहितात, मी सहज म्हणालो.
"कमी? माझ्या बोटांची?"
एकशेवीस लिहिलं, ठसठशीत.

तीन आठवड्यांनी फोन आला.
दारात माणूस उभा, हातात बिल :
कर, हाताळणी,
आणि आणखी एक नाव, ज्याचा अर्थ मलाही माहीत नाही.
एकेचाळीस युरो, त्याची दोन दिवसांची भाजीभाकरी.
आई, पुढच्या वेळी पाठवू नकोस.

त्या टोकाला माझी टेप पोचत नाही.
हे मी आधी सांगायला हवं होतं.
मी कोपरे मोजत बसलो होतो.

बाई महिनाभर फिरकल्या नाहीत.
मग परवा सकाळी आल्या, रिकाम्या हातानं.
सोबत शेजारची यादिरा, पाठीवर बॅग,
मुर्सियाला मावशीकडं निघालेली, विमान संध्याकाळी.
डोक्यावर टोपी. दुसरी. त्याच विणीची.

सवयीनं माझा हात टेपेकडं गेला.
"मोज," सोइलाबाई म्हणाल्या,
"बघ, आत हवा आहे का."

त्या दिवशी वहीत शून्य लिहिलं.

बस सुटताना लक्षात आलं,
टोपी पोरीला सैल होत होती.
लिझांद्रोच्या मापाची.
आत, कपाळापाशी,
वर्तमानपत्राची एक घडी खोचलेली दिसली,
नखाएवढी.