हात बसेपर्यंत

झुग्दिदीच्या हेझलनट गोदामात
अकरा वर्षं मी हिशेब लिहिते.
पोती, वजन, ओलावा, उचल.
या अकरा वर्षांत तीन मालक बदलले,
लॅपटॉप तोच होता.

गेल्या महिन्यात तो उघडताना बिजागरी हातात आली.
म्हणजे खरोखरच हातात,
जुन्या दाराची कडी यावी तशी.
बादरी म्हणाला, लामारा, पुरे आता.
आणि बातुमीहून हा मागवला :
करडा, पातळ, गार,
नुकत्याच नळाखाली धरलेल्या ताटासारखा.

याला आवाजच नाही.
जुना उठायचा तो घरघरत, खाकरत,
मी हाक मारायचे, नोना, चहा टाक,
आणि चहा उकळेपर्यंत पडद्यावर काहीतरी दिसायला लागायचं.
आता झाकण उचललं की हा तयार.
चहा राहूनच जातो.

मांजर पहिल्या दिवशी आलं, ऊब शोधत.
याच्या पाठीला नाक लावलं
आणि तराजूच्या खोलीत निघून गेलं.

नव्याचे नऊ दिवस.
माझे नऊच्या नऊ स्वल्पविराम शोधण्यात गेले.
करंगळी सवयीने जिथे पडते
तिथे यांनी दुसरंच काही नेऊन ठेवलंय.
मी दशांशचिन्ह द्यायला जाते
आणि पडदा अंधारतो.

बटणांवर नुसती लॅटिन अक्षरं.
आमची तेहेतीस चिकटवायला
गुजाने बाजारातून स्टिकर आणून दिले, पिवळे.
एक लावलं. वाकडं बसलं. काढलं.
बाकीचे पाकिटातच आहेत.

तसं पाहिलं तर जुन्यावर तरी कुठे होती अक्षरं?
माझ्या नखांनी 'आ' खाल्ला, 'इ' खाल्ला,
मग 'स', 'र', 'न' असं करत करत
आमच्या हिशेबात कधीच न लागणारं
एक अक्षर तेवढं धडधाकट उरलं होतं.
कोऱ्या बटणांवर टाइप करत होते मी
कितीतरी वर्षं,
आणि अडले नव्हते.

बादरीच्या पुतण्याने सगळं इकडे ओढून आणलं.
अकरा वर्षांना चाळीस मिनिटं लागली.
'नंतर बघू' नावाचं फोल्डरही आलं,
त्याच्या पोटातलं दुसरं 'नंतर बघू'सुद्धा.
आले नाहीत ते शब्द,
जुन्याला मी शिकवलेले.

जिथून पोती येतात त्या वाड्यावस्त्यांची नावं,
किडक्या दाण्याला, पोकळ दाण्याला, मुक्या दाण्याला
आम्ही घरात म्हणतो ते मेग्रेली शब्द,
आमची आडनावं.
याला सगळंच चूक वाटतं.
पावती लिहून होते न होते
तो पान लाल नागमोडी रेघांनी भरतं,
शाळेतल्या बाईंनी तपासून दिल्यासारखं.

मग मी एकेक उजवं बटण दाबत जाते.
ओतिया शोनिया. शब्दकोशात घाला.
त्सिउरी जिकिया. घाला.
पोकळ दाणा. घाला.

गेनो किलासोनियाचं खातं हिवाळ्यातच बंद केलं.
त्याच्या बायकोने शेवटच्या तीन पोत्यांचे पैसे नेले,
मोजले नाहीत.
त्याचं नाव आता कुठल्याच पावतीवर येणार नाही.
तरी लिहून पाहिलं.
खाली रेघ आली.

काय सांगणार याला?
वजनावरून कधी भांडला नाही असा एकटाच माणूस होता,
आणि तराजू आमचा, खोटा.

घातलं.

जुना इथेच आहे, खिडकीशी, पोत्याच्या तुकड्यावर.
देण्याआधी उलटा करून थोपटला
तर बटणांखालून मूठभर टरफलांचा भुगा पडला.
नोना केरसुणी आणायला गेली
तोवर मी तो कागदात बांधून
खणात ठेवला होता. का, ते विचारू नका.

आज दुपारी हिशेब जुळत नव्हता,
दोनशे किलोंचा फरक.
विचार करता करता दाणे फोडत बसले,
आणि एक बारीक कपचा
याच्या लांब बटणाखाली सरकला.
दाबलं की आता तिथे
किंचित कर्र होतं.

फरक अजून सापडलेला नाही.