फुटलं म्हणायचं नाही

ऑकलंडला, डोमिनियन रोडवर, टायरवाला आणि
बंद पडलेली व्हिडिओ लायब्ररी यांच्यामधे
एक दार आहे. पाटीतली दोन अक्षरं विझलेली.
दार ढकलायचं की ओढायचं हे आत बसलेल्यांना माहीत असतं,
ते सांगत नाहीत.

सात टेबलं. आठव्यावर कोबीचे गड्डे.
टेबलावर पातळ प्लास्टिक. गिऱ्हाईक उठलं
की चारही कोपरे धरून, उष्ट्यासकट, गाठोडं करून नेतात.
भिंतीवर जेवणाचे फोटो, उन्हाने विटलेले :
निळी कोळंबी, निळ्या नूडल्स, निळं डुक्कर.
किमतीवर कागदाची पट्टी, तिच्यावर दुसरी, तिसरी.
नखाने खरवडलं तर
खाली नऊ डॉलरचा काळ निघेल.

प्रत्येक टेबलावर चहाची किटली असते.
तिच्यात चहा नसतो, काळं व्हिनेगर असतं.
नवा माणूस कपात ओततो, सवयीने फुंकर मारतो,
मोठा घोट घेतो.
सातही टेबलं जेवण थांबवून बघतात.
मग कुणीतरी पाण्याचा जग सरकवतं.
झाला आमच्यातला.

लुआन शुछिन फार बोलत नाही.
'किती?' आणि 'उकडून की तळून?'
एवढ्यात तिचं इंग्रजी सरतं.
विसाच्या खाली मिळत नाहीत. हसूही मिळत नाही.
ती दांडोंगची. घरासमोर नदी, नदीपलीकडे दुसरा देश,
रात्री तिकडे दिवे नसायचे, असं एकदा नवराच म्हणाला.
तो आत नूडल्स ओढतो :
एका दोरीच्या दोन, दोनाच्या चार, आठ, सोळा,
पाढा न चुकणारा माणूस.
भाड्याचा हिशोब मात्र तिच्याकडे.

जुलैतल्या त्या वादळात तारा तुटल्या.
गॅस चालू होता. निळी ज्योत, तेवढाच उजेड.
डंपलिंग वळणाऱ्या दोघी मुली पोचल्याच नाहीत
आणि माणसं ओली होऊन आत येत राहिली,
कारण सबंध रस्त्यावर तेवढंच दार उघडं.
बसवाल्या तावीताने मोबाइल बाटलीला टेकवून दिवा केला.
शुछिनने पीठ आणि सारण आमच्याच टेबलावर आदळलं.
एक करून दाखवलं. सात चिमटी. गेली.

तावीताचं होडीसारखं झालं.
टायरवाल्या रेनाताने तीनदा हात धुतले, तरी नखं काळीच,
त्याचं असं आवळलेलं, की उघडायला पाना लागावा.
माझं म्हणजे मुरड न बसलेली करंजी.

पाण्यात सोडल्यावर कळलं कोणाचं कोणतं.
माझं पहिलं उकललं, सारण तरंगायला लागलं.
'फुटलं,' मी म्हणालो.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे नीट पाहिलं.
झारा पातेल्यावर ठोकला. शब्द शोधला,
सापडेना, तेव्हा आत ओरडून नवऱ्याला विचारला.
'फुटलं नाही. कमावलं.'

सणाच्या रात्री आमच्याकडे असंच म्हणतात,
तो अंधारातून म्हणाला,
फुटलं म्हटलं की वर्षभर घरात काही ना काही फुटत राहतं.

मला त्याला सांगायचं होतं
की आमच्याकडेही नारळ फुटत नाही, वाढतो.
आईची बांगडी ओट्याला लागून वाढायची,
काचा गोळा करताना ती कुठलाच दुसरा शब्द येऊ द्यायची नाही.
दिवा वाढवतात. रात्री दुकान वाढवतात.
पण हे इंग्रजीत कसं सांगणार,
आणि त्याच्या हातात तेव्हा चौसष्ट दोऱ्या होत्या.

आम्ही ते सगळं खाल्लं,
होड्या, नटबोल्ट, कमावलेलं पाणीसुद्धा.
बिल तिने पुरतं लावलं,
आम्हीच वळलेल्याचं, आम्हीच बिघडवलेल्याचं.

दुसऱ्या दिवशी वीज आली.
पाटीतली तीच दोन अक्षरं वाढलेली.
किंमतही.