नकाशा आम्हाला पाण्यात पाहतो

कोल्टर ओढ्याच्या काठी एकवीस घरं,
दोन चर्च, बंद पडलेला एक पेट्रोलपंप
आणि मी,
आठवड्यातून दोन दिवस काउंटीची नोकर,
लोकांच्या उंबरठ्यांची उंची मोजणारी.

नवा नकाशा आलाय.
निळी रेघ डेल्फिया स्टर्जिलच्या घरात
स्वयंपाकघराच्या खिडकीतून शिरते
आणि न्हाणीतून बाहेर पडते.
शेगडी पाण्यात, पलंग कोरडा.
"म्हणजे मी नुसतं झोपून राहायचं?"
मी हसत नाही. मला अजून हप्ता सांगायचाय.

हप्ता म्हणजे
आर्विलच्या काळ्या फुफ्फुसांपोटी येणारे
दीड महिन्याचे पैसे.
आर्विल नाही. पैसे येतात.

कागदावर लिहिलंय, शंभर वर्षांतला पूर.
डेल्फियाने तसले तीन पाहिले.
"हिशेबाने माझी तीनशे भरली," म्हणते,
आणि मला मक्याची भाकरी वाढते.
मी समजावते: दर वर्षी शंभरात एक,
दर वर्षी डाव नव्याने,
पाण्याला मागचं काही आठवत नसतं.
ती वर बघते.
वरच्या डोंगराचं डोकं कोळशासाठी उतरवून नेलंय,
पाऊस आता तिथे टेकत नाही,
टकलावरून घरंगळतो थेट आमच्या अंगणात.
"तुझ्या शंभरात," ती विचारते, "हे धरलंय का?"

धरलेलं नाही.
मी भाकरी खाते.

शेवटी तिने आर्विलची होडी विकली,
पत्र्याची, हिरवी, एका बाजूला पोचा आलेली.
होडी विकून पुराचा विमा.
ओढ्याकाठी आठवडाभर हाच विनोद चालला होता.
होबर्ट आयसनने घेतली ती, मासे धरायला.

आणि जुलैत, एका गुरुवारी रात्री,
होबर्टनेच तिला खिडकीतून उतरवून घेतलं
त्याच होडीत.
निळ्या रेघेवरच्याच खिडकीतून, हे मी नंतर ताडून पाहिलं.
पाणी पलंगावरून गेलं होतं.
नकाशा तिथे चुकला.
"पोच्यावर बसू नकोस," होबर्ट ओरडला म्हणे,
आणि ती अंधारात ओरडली,
"पोचा मीच पाडलाय, गाढवा!"

मग तपासनीस आला, दुसऱ्या राज्यातला,
कोऱ्या बुटांचा, स्वभावाने बरा.
फ्रिज किती वर्षांचा? अकरा.
मग फ्रिज जवळजवळ नाहीच.
गोधडी कोणाची? आईची.
मग गोधडी तर कधीचीच संपलेली.
प्रत्येक वस्तूतून तो तिची वर्षं वजा करत गेला
आणि डेल्फिया माना डोलवत राहिली,
जशी दुसऱ्याच कुणा म्हातारीची चौकशी चाललीय.

तळघरापाशी मात्र ती थांबली.
एकशे त्रेचाळीस बरण्या, घेवडा,
मागच्या उन्हाळ्यात शिरा काढून,
मीठ घालून, वाफवून, झाकणं आवळून ठेवलेला.
झाकणांच्या कडांत राड.
तपासनीस म्हणाला, तळघरातलं सामान धरत नाहीत.
दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा हळू.

चेक आला. खोटं कशाला बोलू, आला.
भिंती झाल्या, शेगडी झाली.
शेजारच्या लोव्हेलकडे विमा नव्हता,
ते आता तिच्या बहिणीकडे राहतात, ओहायोत,
आणि त्यांच्या जागेवर
फक्त तीन पायऱ्या उभ्या आहेत, कुठेही न जाणाऱ्या.
मी त्यांचीही उंची मोजली. रकाना होता म्हणून.

काल डेल्फियाकडे पुन्हा गेले, टेप घेऊन.
अंगणात गाळ बसलाय वीतभर,
उंबरठा तेवढाच,
म्हणजे जमिनीच्या मानाने घर खाली गेलं.
"बरण्या लिही," ती म्हणाली.
मी म्हटलं, धरत नाहीत, डेल्फिया.
"धरू नकोस. लिही."

समासात लिहिलं, पेन्सिलीने:
घेवडा, एकशे त्रेचाळीस.
तिने चष्मा लावून वाचलं.
"बेचाळीस," म्हणाली.
"एक आपण त्या दिवशी खाल्ली होती,
भाकरीबरोबर."