नाव बुडवण्याची रीत

ओह्रिडच्या तळ्यात क्लिमे म्हातारा वल्ही मारायचा
आणि मिलोशेस्की सर नावेच्या काठावरून अर्धे बाहेर,
पाण्यावर आलेल्या बैलासारखे ओणवे,
काचेच्या बुडाचा डबा डोळ्यांना लावून
तळाचे दगड वाचायचे.

क्लिमेला वाटे, युद्धात बुडालेलं सोनं शोधतोय हा माणूस.
सापडायच्या गोगलगायी. मोहरीएवढ्या.
चमचाभर घेतल्या तर दोनशे; ना खायच्या, ना विकायच्या.
"आणि ह्याचा पगार देतं सरकार?"
दर वसंतात तो मला विचारी,
मी हो म्हटलं की खूश होऊन
दोन वल्ही जास्त मारी.

चाळीस वर्षं हेच.
साडेतीन वेढ्यांच्या, चार वेढ्यांच्या,
ब्रशच्या एका केसानं उचलून काचेखाली ठेवलेल्या.
सर बोलायचेही हळू, शंख तडकेल अशा बेतानं.
रागावले एकदाच: मी शिंकले
आणि जगातला एकुलता नमुना टेबलाखाली गेला.
दिवेलागणीपर्यंत दोघं रांगत होतो.

रुमेनाबाई गावात मोती करायच्या.
तिथले मोती तळ्यातल्या इवल्या माशाच्या खवल्यांचे:
खवले खरडा, घोटा, शिंपल्याच्या मण्यावर लेप द्या,
वाळवा, पुन्हा लेप.
खोटेच, पण सहा वेळा हात फिरलेले.
लग्नाच्या अकराव्या वर्षी सरांनी तिला
एक गोगलगाय दिली,
काठच्या झऱ्यातली, पिवळट, चार वेढ्यांची,
नियमाप्रमाणे लॅटिन शेपूट लावून: रुमेनी.
बाई म्हणाल्या, "कानात घालू की गळ्यात?"
पण ते छापील पान त्यांनी
पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलं.

मग माझी पाळी आली.
मी शंख बाजूला सारून आतला जीव उघडला,
पापणीच्या केसाहून बारीक नळ्या.
रुमेनी आणि पलीकडच्या किनाऱ्यावरची ती साधी,
शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्नाच्या कुणा प्राध्यापकानं नोंदलेली,
एकच. वेढा कमीजास्त, पाणी खोल-उथळ,
एवढाच फरक.
तीन आठवडे मी ती काचपट्टी खणात दडवली.
चौथ्या सोमवारी सर म्हणाले,
"आण ती. मला नऊ वर्षांपासून शंका आहे.
म्हटलं, बघू, कुणी विचारतंय का."

आमच्या धंद्यात आधीचं नाव तरतं,
नंतरचं बुडतं.
घराण्याचं नाव पोरं बुडवतात,
ह्यांनी बायकोचं बुडवलं, स्वतःच्या सहीनं,
अडीच पानांत.

घरी कसं सांगितलं, ठाऊक नाही.
क्लिमे सांगतो, त्या संध्याकाळी बाई पहिल्यांदाच नावेत बसल्या,
झऱ्यापाशी थांब म्हणाल्या,
बाही कोपरावर सारून एक दगड उलटा केला
आणि बराच वेळ बघत राहिल्या.
"ह्या मरतील का आता?"
"नाही," सर म्हणाले,
"त्यांना कुणी कळवलेलं नाही."

सर जाऊन दोन हिवाळे झाले.
तळ्याची यादी आता माझ्याकडे आहे.
बुडालेलं नाव खोडत नाहीत,
तरलेल्याच्या खाली एक बोट आत सरकवून
बारीक टाइपात ठेवतात,
आणि तसलं दुसरं कुणाला पुन्हा देता येत नाही.
छापखान्यानं विचारलं, पान एकशे बारा,
ही ओळ जागा खाते, काढू का?
राहू द्या, मी लिहिलं,
आणि टाइप अर्ध्या घरानं मोठा करा.
नियमात बसत नाही. पण मोजणार कोण,
मोजणारा आमच्यात एकच होता.