उलटा के

एप्रिलच्या पहिल्या रविवारी
आम्ही आधी मैदानातली कुत्र्यांची घाण उचलतो.
मग फुटबॉलवाल्यांचे गोलखांब कुंपणापर्यंत रेटतो,
मग ओवेन ट्रस्कॉट प्लंबिंगच्या व्हॅनमधून
नळांच्या तुकड्यांखाली दबलेले बेस ओढून काढतो :
पहिला, दुसरा, तिसरा,
आणि घर.
घर म्हणजे पांढऱ्या रबराची पाचकोनी पाटी.
तिच्या पाठीवर त्याच्या मुलीनं मार्करनं लिहिलंय,
पाय पुसून या.

मी वही सांभाळते.
मुलगा खेळायचा म्हणून यायचे.
तो पर्थला गेला, वही माझ्याकडे राहिली.

कुंपणावर कोपर टेकून एक म्हातारा
दर रविवारी विचारतो, हे राउंडर्सच ना?
आणि दर रविवारी हारुका हातमोजा काढून
त्याला सगळं पहिल्यापासून सांगते.
तो मान डोलावतो. पुढच्या रविवारी परत तेच.

मे महिन्यात डर्बीला आठच जण पोचलो.
नववा झ्बिगन्येव, रात्रपाळी संपवून निघालेला,
वाटेत पेट्रोलपंपावर पाच मिनिटं म्हणून डोळे मिटले
ते दुपारी उघडले.
नऊ नाहीत तर सामना नाही.
शून्य–नऊ हरलो, एकही चेंडू न फेकता.
डबे उघडून गवतावर बसलो, समोरचेही आले,
त्यांच्याकडे लोणच्याची बरणी होती.

जूनचे तीन सामने हंबरवरून आलेल्या भुरभुरीनं खाल्ले.
जुलैत योएल्विसनं, जो वॉर्डात
अर्धांगाच्या रोग्यांना चमचा धरायला शिकवतो,
एक चेंडू असा हाणला
की तो भाजीचे वाफे ओलांडून कुणाच्या तरी रुबार्बमध्ये गेला.
चेंडू महाग. सगळे शोधायला गेलो, जिंकणारेसुद्धा.

आता क्लेमंट पीझगुडबद्दल.
वय अठ्ठावन्न, उजवीकडचं मैदान,
जिकडे चेंडू फारसा येत नाही.
त्याची बायको मार्चमध्ये गेली.
तिचा कोट अजून गाडीच्या मागच्या सीटवर असतो,
त्याच्या गाडीत बसणारे तो मांडीवर घेऊन बसतात.

वहीत एक रीत आहे.
बॅट फिरवून जो चुकतो, त्याच्यापुढे सरळ के.
जो नुसता उभा राहतो,
तिसरा चेंडू समोरून जाऊ देतो,
त्याच्यापुढे उलटा.
क्लेमंटची ओळ पाठमोऱ्या माणसांच्या रांगेसारखी दिसत होती.
तेवीस.
बॅट खांद्यावर, बस चुकलेल्या माणसाच्या छत्रीसारखी.
कुणी काही बोललं नाही. नऊ लागतात.

सप्टेंबर, शेवटचा सामना, शेवटचा डाव,
अकरा–दोन मागे, दोघे बाद.
दोन चेंडू त्यानं जाऊ दिले.
मी पेन्सिल उलट्या बाजूनं टेकवली होती, खोटं कशाला बोलू.
तिसऱ्यावर त्यानं बॅट फिरवली.
चेंडूपासून वीतभर वर, आणि उशिरा.
पण फिरवली.

आणि कॅचरच्या हातून चेंडू निसटला.
तिसरा निसटला की पळता येतं,
हे त्याला ठाऊक होतं की नव्हतं देव जाणे;
हारुका ओरडली, ओवेन ओरडला,
कुंपणावरचा म्हातारा ओरडला, पळ की रे!
तो पळाला, बॅट हातात घेऊनच,
अर्ध्यावर ती टाकली, टोपीही पडली,
पहिल्या बेसवर पोचला आणि तिथे उभ्या एमरिसला विचारलं :
आता काय करायचं?

आता थांबायचं, एमरिस म्हणाला.

पुढचा गडी पहिल्याच चेंडूवर झेल देऊन परतला.
हंगाम संपला. तीन विजय, सतरा पराभव,
आणि माझा एक सरळ के,
जो मी दोनदा गिरवला.

ओवेन व्हॅन मागे घेत आला.
घर उचललं, तिसरा उचलला, दुसरा उचलला.
क्लेमंट पहिल्यावरच उभा होता,
टोपी नाही, केस वाऱ्यावर, वाफ्यांकडे बघत.
असू दे, ओवेन म्हणाला,
आधी बाकीचं भरू.