वयवारी

मुलाचे वय क्ष मानू,
असं मी चौतीस वर्षं फळ्यावर मानत आलो.
बापाचं वय मुलाच्या तिप्पट,
पाच वर्षांपूर्वी पाचपट होतं,
तर आज दोघांची वयं काढा.
दहा आणि तीस.
ताळा बघा: पाच आणि पंचवीस. बसला.

मल्हारपेठची शाळा, स्कॉलरशिपचा जादा तास,
सकाळचे साडेसात, पोरांच्या डोक्यांना ओलं तेल.
पहिल्या बाकावरची रेश्मा झोरे,
वरच्या धनगरवाड्यावरून दीड तास उतरून आलेली,
हात वर न करताच म्हणाली,
"गुरुजी, तिप्पट ठावं हाय
म्हंजे वय ठावंच हाय की त्या मानसाला.
मग सरळ का सांगत न्हाय?"

वर्ग हसला. मीही हसलो.
खडू मात्र बरोबरच्या चिन्हापाशी थांबला.

माझी जन्मतारीख एक जून.
आमच्या वेळच्या निम्म्या तालुक्याची एक जून.
भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शाळेत
हेळवाकच्या मास्तरांनी माझा उजवा हात
डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला टेकवला,
म्हणाले, "सहा पुरी," आणि टाक बुडवला.
माझे हात लांब होते, एवढंच.

त्या रविवारी गावी गेलो.
आई पावट्याच्या शेंगा सोलत होती.
माझं खरं वय किती, विचारलं
तर मान वर न करता म्हणाली,
"भूकंपाच्या येळंला आक्का तुझ्या चौपट.
तिच्या लग्नात दुप्पट."

भूकंप मार्गशीर्षातल्या पहाटेचा.
लग्न दुष्काळ सरल्यावर,
लाल मिलोची भाकरी ताटातून गेल्यावर,
तेही मार्गशीर्षात.
मधली वर्षं सहा.
परतीच्या चिपळूण–कराड गाडीत
तिकिटाच्या पाठीवर मांडलं:
चार क्ष अधिक सहा बरोबर
दोन गुणिले कंसात क्ष अधिक सहा.
क्ष बरोबर तीन.
ताळा: तीन आणि बारा. नऊ आणि अठरा.
म्हणजे दप्तरात मी दीड वर्ष थोरला,
दीड वर्ष आधीच घरी बसणार.
(बसलोही. एका मे महिन्यात, तोंडाला पट्टी,
शाल टेबलावर ठेवलेली, ज्याची त्यानं उचलायची.
आम्ही चौघं होतो. चौघांची एक जून.)

पण रेश्माचा प्रश्न काही सुटला नव्हता.
पुढच्या रविवारी पुन्हा गेलो.
वय ठाऊक नाही, मग चौपट कसं ठाऊक?

"डालड्याचं दोन डबं हुतं," आई म्हणाली,
"एक तुझा, एक आक्काचा.
दरसाल दिवाळीला ओवाळून झालं
की ज्याच्या त्याच्या डब्यात एक हिरडा.
मोजलं न्हाईत कधी.
पोरांची वर्सं मोजू न्हाईत, दिष्ट लागती.
भूकंपात भित पडली.
डबं मातीत, पर झाकनं घट्ट.
उजाडल्यावर अंगनात बसले,
तुझा एक काढला की तिचं चार काढलं,
तुझा एक, तिचं चार.
श्येवटाला कुनाचंच काय उरलं न्हाय.
मग जिवात जीव आला. दोघंबी हायती म्हनलं."

गुणोत्तर मी पोरांना
पेरू वाटून शिकवत होतो इतकी वर्षं.

सोमवारी वर्गात सगळं सांगितलं.
बाकीच्यांनी वहीत उत्तर लिहून घेतलं: क्ष बरोबर तीन.
रेश्मा म्हणाली,
"आन् त्यांचा सोताचा डबा?"

नव्हता.
गेल्या साली आई गेली
तेव्हा ग्रामसेवकानं रकान्यात लिहिलं,
अंदाजे पंच्याऐंशी.
मी खोडून दुसरं काय लिहिणार होतो?
तिच्या बाजूनं कुणी विधान करायला नव्हतं,
आणि एका अज्ञाताला
निदान एक तरी समीकरण लागतं.

दोन्ही डबे आता माझ्याकडे आहेत,
कपाटावर, मागच्या खोलीत.
आक्का फोनवर विचारते,
"किती भरले रे, माझे आन् तुझे?"
झाकणं गंजलीत, सांगतो.
निघतात तशी, थोडा जोर केला तर.
मी मोजलेले नाहीत.